कालव्यातली जलपर्णी काढली की परत येते, आता पंपाच्या गाळणीत शिंपलेही निघाले. सुरुवात कुठून करू?

जॅकवेलवाली:

नमस्कार. वर्षभरापूर्वी माझ्याकडे एक उपसा आणि त्याला पाणी आणणारा अकरा किलोमीटरचा कालवा आला. पहिले सहा किलोमीटर काँक्रीटचं अस्तर, पुढे मातीचा, मध्ये नाल्याखालून जाणारा एक सायफन, शेवटी जॅकवेल (पंप जिच्यातून पाणी उचलतात ती विहीर), तीन पंप आणि मग शुद्धीकरण केंद्र. कालवा सिंचनाचा आहे, पण आमचं पाणी पिण्याचं आहे.

जलपर्णी दोनदा काढून झाली. पोकलेन लावलं, ठेकेदाराने काठावर ढीग रचले, फोटो काढले, बिलं गेली. पहिल्या वेळी दहाव्या आठवड्यात मातीचा भाग पुन्हा हिरवागार. दुसऱ्या वेळी नवव्या. जॅकवेलच्या तोंडाशी, जिथे पोकलेनचा हात पोचत नाही, तिथे एक बारीक पानांची, मखमलीसारखी गादी आहे. ती जलपर्णीच का, हेही मला सांगता येत नाही. शिवाय पाण्याखाली दोरखंडासारखं लांब गवत आहे, त्याला सगळे सरसकट शेवाळ म्हणतात. वरून तेवढंच पाणी सोडतात, पण आमच्याकडे कमी पोचतं आणि मधल्या टप्प्यात पातळी मात्र काठाला टेकायला येते.

गेल्या आठवड्यात दोन नंबरच्या पंपाच्या बेअरिंगला थंड करणारी पाण्याची बारीक लाइन मंदावली म्हणून गाळणी उघडली. आत ओंजळभर शिंपले. नखाएवढे, काही त्याहून लहान. बरेच सुटे होते, पण काही जाळीच्या तारेला इतके घट्ट बसले होते की ओढल्यावर दोऱ्यासारखं काहीतरी तुटल्याचं जाणवलं.

कार्यालयात तीन मतं आहेत. एकजण म्हणतो मोरचूद टाका. दुसरा म्हणतो तणनाशक फवारा. तिसरा म्हणतो एका रात्री क्लोरीनचा दुप्पट डोस मारा आणि विषय संपवा. यातलं काहीही करण्याआधी विचारून घेते आहे. आधी काय धरू?

शेततळं:

मोरचूद. आम्ही तळ्यात टाकतो, चार दिवसांत पाणी काचेसारखं. एवढा विचार कशाला?

सायफनकाका:

मोरचुदाचं पहिलं सांगतो, कारण कोणीतरी उद्याच पोतं फोडायचं.

शेततळं, तुमच्या तळ्यात जे जातं ते शेवाळ, खरं शेवाळ. त्याच्यावर तांबं चालतं. जलपर्णीची मुळं मोरचुदाच्या तेवढ्या मात्रेला दाद देत नाहीत. पाणी कठीण आणि अल्कधर्मी असेल तर तांब्याचा मोठा हिस्सा साका होऊन तळाला बसतो, म्हणजे तुम्ही गाळाला औषध पाजता. पाणी मऊ असेल तर उलटं, थोड्या मात्रेतही मासे मरतात. आणि शिंपल्याला तांब्याची चाहूल लागली की ते सरळ कवाड लावून घेतं. तेव्हा ताई, तुमच्या तिन्ही दुखण्यांवर हे औषध नाही. तणनाशकाचंही तेच. पिण्याच्या पाण्याच्या तोंडाजवळ कुठलं चालतं, किती अंतर सोडायचं, किती दिवस उपसा बंद ठेवायचा, हे डब्यावरच्या चिठ्ठीत असतं आणि ती चिठ्ठी म्हणजे कायदा. समजा ते चाललं, तरी अख्खी गादी एकदम मेली तर ती तिथेच कुजणार, पाण्यातला प्राणवायू खाणार, वास तुमच्या नळापर्यंत येणार. त्या कुजक्या पाण्यात क्लोरीन जास्त लागतं आणि ट्रायहॅलोमिथेनं, म्हणजे क्लोरीन आणि कुजक्या पाल्यातून तयार होणारी घातक संयुगं, वाढतात. फवारायचंच तर तुकड्यातुकड्याने आणि मेलेलं बाहेर काढायची सोय आधी करून.

मी एकतीस वर्षं पाणी वाहून नेण्याच्या कामात काढली, त्यातली शेवटची बारा एका मोठ्या सायफनच्या डोक्यावर बसून. नाव तिथूनच पडलं.

आता तुमचा दहावा आठवडा. मला त्यात काहीच नवल वाटलं नाही. जलपर्णीला ऊब आणि खत मिळालं की ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, कधी त्याहून लवकर. पोकलेनने फार चांगलं काम केलं तर शंभरातले पंच्याण्णव भाग निघतात. उरले पाच. दोन आठवड्यांनी दहा, मग वीस, चाळीस, आठव्या आठवड्याला ऐंशी. नवव्या-दहाव्याला तुमचा फोटो आधीच्या फोटोसारखाच. म्हणजे तुमच्या ठेकेदाराने फसवलं नाही, त्याने पाढा म्हटला.

खरी गोम करारात असते. तुमच्याकडे बिल कशावर निघतं, ते बघा. टनावर निघत असेल तर मी म्हणतो ते लगेच पटेल. या झाडाच्या वजनात शंभरातले नव्वद-पंच्याण्णव भाग पाणी. दाट गादी हेक्टरी दोनशे ते चारशे टन भरते. माणूस टनावर पैसे घेतो तेव्हा तो पाणीच उचलून पाण्याबाहेर ठेवतो, आणि जिथे दाट आहे तिथेच उचलतो. काठाच्या बेचक्यातली, पुलाच्या खांबामागची, लव्हाळ्यात अडकलेली सुटी रोपं त्याला परवडत नाहीत. आणि पुढच्या दहा आठवड्यांची बी तीच आहे. त्याचं पुढचं बिलही तीच आहे, हे वेगळं सांगायला नको.

आम्ही शेवटी करार बदलला. मोठी सफाई टनावरच ठेवली, पण त्यानंतरचे सहा महिने पैसे मोकळ्या पाण्यावर. दर तिसऱ्या आठवड्याला मोजणी, कुठेही गाडीभर गादी दिसली तर त्या महिन्याचं बिल थांबलं. मग काय झालं, तर त्याने पोकलेन परत पाठवलं आणि दोन माणसं, एक होडी आणि लांब दांड्याचे आकडे ठेवले. तीन आठवड्यांत पाचाचे फार तर पंधरा होतात. दोन माणसं ते हाताने वेचतात. ते गादी होऊ देतच नाहीत. मुकादम म्हणाला, साहेब, आधी आम्ही पीक कापत होतो, आता रोप उपटतो.

ढीग काठावर ठेवू नका. पातळी वाढली की त्यातली हिरवी रोपं परत पाण्यात. निदान पातळीच्या रेषेपासून चांगलं लांब, उतार कालव्याकडे नाही अशा जागी.

दुसरं, तुमच्याकडे येतंय कुठून? हे कोणी बघत नाही, कारण काठाने चालावं लागतं. एक सोपी युक्ती सांगतो. सकाळी वारा पडलेला असताना कालव्याच्या वरच्या बाजूच्या एखाद्या पुलावर तासभर उभे राहा आणि खालून जाणारी रोपं मोजा. मग पुढच्या पुलावर. ज्या दोन पुलांमध्ये आकडा उडी मारतो त्यांच्यामध्ये कुठेतरी आई बसली आहे. आमची आई एका सांडव्याच्या मागच्या डबक्यात होती, अर्ध्या खोलीएवढ्या. त्यात वरच्या वस्तीचं सांडपाणी झिरपायचं, म्हणजे तिचं अंथरूणही तयार आणि जेवणही. रोज रात्री पातळी दोन बोटं वाढली की चार-सहा रोपं कालव्यात सोडायची. आम्ही खाली सात वर्षं पोकलेन चालवत होतो.

जॅकवेलच्या आधी तरंगता अडसर बांधा, पण प्रवाहाला आडवा नको. आडवा बांधला की मधे पोट येतं, दाब वाढतो, गादी खालून घसरते. तीस ते पंचेचाळीस अंशांत तिरका बांधा, म्हणजे प्रवाहच सगळं एका काठाला ढकलतो आणि तिथे माणूस किंवा यंत्र उभं करता येतं.

आता पाण्याखालचं. तुम्ही वर्णन केलंय तसं ते हायड्रिला किंवा त्याच्या भावकीतलं असावं. इथे चूक केलीत तर ती जलपर्णीपेक्षा महाग पडते, आणि ती मी केली आहे म्हणून सविस्तर सांगतो.

मातीच्या कालव्यात दोन्ही काठांवर दोन ट्रॅक्टर आणि मध्ये जाड साखळी, ही जुनी पद्धत. साखळी तळाला घासत जाते, गवत मुळाशी तुटतं. (अस्तरावर करू नका, सांधे उखडतात.) आम्ही चार किलोमीटर ओढली, दुपारी बसून चहा घेतला. गवत तुटून तरंगत होतं, ते खालच्या जाळीपाशी काढायचं ठरलं होतं. खालच्या जाळीपाशी तीन माणसं होती. चार किलोमीटरचं गवत तीन माणसांच्या अंगावर एका तासात आलं. संध्याकाळी सहाला सायफनच्या तोंडाची जाळी कमानीसारखी आत वाकली होती आणि वरच्या बाजूला पाणी काठावरून शेतात चाललं होतं. मी वर गेट बंद करायला फोन केला, पण पाणी काही फोनवर थांबत नाही, वरून निघालेलं दोन तास येतच राहिलं. रात्री अकरापर्यंत आम्ही कंबरभर पाण्यात कोयत्याने ते गवत कापत होतो. ओलं गवत दाबाखाली गादीसारखं नाही, भिंतीसारखं असतं.

हे झालं त्या रात्रीचं. महिन्याने कळलं की तुटलेला प्रत्येक तुकडा, एक पेर जरी शाबूत असलं तरी, खाली जिथे अडकला तिथे रुजला. आधी चार किलोमीटरला होतं, मग नऊ किलोमीटरला झालं. तेव्हापासून माझा नियम एकच: जेवढं खालच्या जाळीवर एका दिवसात उपसता येतं तेवढंच वर तोडायचं, आणि खालून वर सरकत जायचं, वरून खाली नाही.

तुमची पातळी काठाला का टेकते तेही यातच आहे. गवताने घर्षण वाढतं. स्वच्छ मातीच्या कालव्यात मॅनिंगचा गुणांक, म्हणजे हे घर्षण दाखवणारा आकडा, साधारण ०.०२५ धरतात. गवत माजलं की तो ०.०५ होतो, त्याहूनही पुढे जातो. तीच पातळी, तोच उतार, आणि पाणी अर्धं. मग वरचा माणूस गेट उचलतो, खोली वाढते, काठाची शिल्लक उंची संपते. काठ फुटला की सगळे उंदराच्या बिळाला दोष देतात.

शिंपल्यांचं मी आत्ता काही बोलत नाही. आधी ते काय आहेत ते ठरवा. एक सुटं आणि एक दोऱ्यासकट चिकटलेलं, असे दोन वेगळे काढून ठेवा. आणि एक प्रश्न: तुमचं ते पोकलेन इथे यायच्या आधी कुठल्या पाण्यात काम करत होतं?

जॅकवेलवाली:

काका, बिल टनावरच निघतं. दोन्ही वेळचं.

पोकलेनचं विचारलं. आधी एका जलाशयाच्या तोंडाशी गाळ काढत होतं, तिथून थेट ट्रेलरवर आलं. धुतलं का विचारल्यावर ठेकेदार हसला.

शिंपले काढून बघितले. सुटे आहेत ते गोलसर, दोन्ही बाजूंनी सारखे, वर एकाभोवती एक अशा उठावदार रेघा, पिवळट-तपकिरी. चिकटलेले वेगळेच आहेत, लांबट, एका टोकाला निमुळते, गडद, आणि निमुळत्या टोकाजवळून केसांचा झुबका. म्हणजे दोन जाती?

भिंगातून:

मी गोड्या पाण्यातल्या प्राण्यांवर काम करते. हो, वर्णनावरून दोन.

गोल रेघांचे बहुधा कॉर्बिक्युला नावाचे शिंपले. ते गाळात-वाळूत राहतात, मोठेपणी कशाला चिकटत नाहीत, पण प्रवाहाबरोबर आत येतात आणि जिथे पाणी संथ होतं तिथे ढीग करतात. यांना हलकं समजू नका. आशियातला हा प्राणी १९३८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया नदीत नोंदला गेला, आणि १९८० मध्ये आर्कान्सासमधला एक अणुवीज संच याच्यामुळे बंद करावा लागला, थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटेत शिंपले भरले म्हणून. तुमची बेअरिंगची लाइन तीच गोष्ट छोट्या प्रमाणावर सांगते आहे. आपल्याकडे ही जात मूळचीच असू शकते, त्यामुळे तिला परकी म्हणण्याची घाई नको. त्रास मात्र त्रासच.

दोऱ्यावाले जास्त महत्त्वाचे. निमुळतं टोक आतून बघा. चोचीच्या आत छोटा आडवा पडदा, शेल्फसारखा, असेल तर तो झेब्रा किंवा क्वॅगा या शिंपल्यांच्या गोतातला. पडदा नसेल आणि आतून जांभळट झाक असेल तर लिम्नोपेर्ना, ज्याला सोनेरी शिंपला म्हणतात. हा मूळचा चीन आणि आग्नेय आशियातला. १९९१ मध्ये तो दक्षिण अमेरिकेत ला प्लाता नदीमुखाशी दिसला, २००१ पर्यंत इताइपू धरणापर्यंत चढला आणि २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातही सापडला. घरी ठरवू नका, अल्कोहोलमध्ये घालून ओळखणाऱ्याकडे पाठवा.

ते रुजताहेत की नुसते वाहून आलेत, हे कळायला प्लॅस्टिकच्या खरखरीत पट्ट्या दोरीला बांधून सावलीत, संथ पाण्यात सोडा, जॅकवेलच्या आत एक, सायफनच्या आधी एक. दर पंधरवड्याला वर काढून बोट फिरवा. बारीक वाळूचा कागद लागल्यासारखं वाटलं तर ती पिल्लं आहेत, डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला कळतात. त्याही आधीची अवस्था पाण्यात तरंगते, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. ती ६४ मायक्रॉनच्या जाळ्यात धरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन ध्रुवण पट्ट्यांमधून बघतात. अंधारात कवच चकाकतं आणि मधोमध काळी फुली दिसते. एक ऑस्ट्राकॉड नावाचा किडाही असाच चकाकतो आणि नव्या माणसाला हमखास फसवतो. मी पहिल्या महिन्यात अकरा नमुने चुकीचे बाधित म्हणून दिले होते.

तुमची मखमली गादी: एक पान जवळून बघा. वरच्या केसांची टोकं चार-चारांनी जुळून छोटा पिंजरा झाला असेल तर ती साल्व्हिनिया मोलेस्टा, जलपर्णी नव्हे. नाव चुकलं तर काय होतं, याचा याच वनस्पतीवर मोठा धडा आहे. कित्येक वर्षं तिला साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा समजत होते, आणि त्या दुसऱ्या झाडावरचे किडे आणून सोडत होते. किडे काही जम बसवेनात. १९७२ मध्ये ती वेगळी जात म्हणून नोंदली गेली, १९७८ मध्ये आग्नेय ब्राझीलमध्ये तिचं मूळ घर सापडलं, तिथला एक इवलासा सोंड्या १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडला आणि साधारण वर्षभरात तलाव मोकळा झाला. गंमत म्हणजे तो किडाही आधी दुसऱ्याच जातीचा समजला होता.

शेततळं:

बरं, मोरचुदाचं मागे घेतो. पण मग किडे सोडा की. किंवा गवत्या मासा. फुकटात काम.

भिंगातून:

साल्व्हिनियाचा सोंड्या जलपर्णीला तोंड लावत नाही. जलपर्णी खाणारे सोंडे वेगळे, निओकेटिना नावाचे, दोन जाती. युगांडाने १९९५ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरात ते सोडले, फरक दिसायला तीन-चार वर्षं गेली. आणि वाहत्या कालव्यात तुम्ही दर तीन आठवड्यांनी रोपं उचलणार असाल तर त्यांच्याबरोबर किडेही उचलता. किडे काकांच्या त्या डबक्यासारख्या स्थिर पाण्यात शोभतात. मासा हायड्रिला आवडीने खातो. कॅलिफोर्नियात इम्पीरियल खोऱ्यातल्या सिंचन कालव्यांत वांझ, त्रिगुणित गवत्या मासा १९८० च्या दशकापासून याच कामाला ठेवला आहे. पण त्याला अडवायला जाळ्या हव्यात, परवानगी हवी आणि वर्षभर पाणी हवं. कालवा कोरडा पडला की पहिला तोच मरतो.

जॅकवेलवाली:

आमचा कालवा वर्षातून दोनदा बंद असतो, त्यामुळे मासा बाद. चोचीत पडदा दिसला नाही, आतून जांभळट. नमुना पाठवला आहे. पंपाच्या बाजूचं काय करू? क्लोरीनवाला गृहस्थ रोज विचारतो.

सायफनकाका:

त्याला सांगा, एका रात्रीचा दुप्पट डोस शिंपल्याला झोपेइतका पडतो. क्लोरीन लागलं की ते मिटतं आणि आतल्या आत दिवसच्या दिवस काढतं. सकाळी तुम्ही डोस थांबवला की उघडतं. मारायचं तर उलट, थोडं पण सतत. पाण्यात उरलेलं क्लोरीन (अवशेष) अर्धा मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आसपास दोन-तीन आठवडे अखंड, म्हणजे त्याला कधीतरी उघडावंच लागतं. पाणी गरम असेल तर लवकर आटपतं, थंड असेल तर लांबतं. डोस जॅकवेलच्या तोंडाशीच द्या, केंद्रात नाही, नाहीतर मधली अख्खी नळी त्यांची. पण कच्च्या पाण्यात पाला-पाचोळा असताना तिथे क्लोरीन दिलं की ट्रायहॅलोमिथेनं आलीच, म्हणून काही ठिकाणी तोंडाशी पोटॅशियम परमँगनेट वापरतात. तुमच्या रसायनवाल्याला आधी बसवा, चाचणी करा, मग ठरवा. आणि क्लोरीनचं पाणी कुठल्याही झडपेतून कालव्यात परत जाणार नाही, हे स्वतः बघा.

कोणी सांगेल अमुक ठिकाणी समूळ नाश केला. केला आहे. व्हर्जिनियातल्या मिलब्रुक खाणीत २००६ मध्ये पोटॅश घालून झेब्रा शिंपले संपवले. पण ती बंद खाण होती, हौदासारखी. वाहत्या कालव्यात समूळ शब्द विसरा. तुम्हाला फक्त यंत्रं त्यांच्यापासून वाचवायची आहेत.

आता डोस यशस्वी झाला तर काय, याची तयारी कोणी करत नाही. मेलेली शिंपली सुटतात, आणि सगळी एकदम येतात. गाळणीची जोडगाळणी करून ठेवा, एक चालू असताना दुसरी उघडता येईल अशी, आणि त्या दिवसांत रात्रपाळीला एक जास्तीचा माणूस. १९८९ मध्ये मिशिगनमधल्या मन्रो शहराचं पाणी एरी सरोवरातलं तोंड झेब्रा शिंपल्यांनी बुजल्यामुळे बंद पडलं होतं. तिथे जिवंत होती. मेलेलीही तेच करतात, वर वास.

ती राहतात कुठे, तर जिथे पाणी हळू. सेकंदाला दीड-दोन मीटरच्या वर वेग असला की पिल्लांना पाय रोवता येत नाही. तुमच्या मुख्य नळीत कदाचित काही नसेल. बघायचं ते बायपासच्या मेलेल्या टोकात, बंद पंपाच्या शोषण नळीत, जाळीच्या चौकटीमागे, आणि सगळ्यात आधी प्रेशर गेजच्या बारीक तोटीत. यावर मी शपथेवर सांगतो. आमच्या एका पंपाचं गेज तीन आठवडे एकाच आकड्यावर होतं. सगळे म्हणायचे काय सुंदर स्थिर पंप आहे. तोटी शिंपल्यांनी बुजली होती, गेज आत कोंडलेल्या दाबावर उभं होतं आणि पंप उपाशी चालत होता. पंख्याची पाती स्पंजासारखी खाल्लेली निघाली. स्थिर काट्यावर विश्वास ठेवू नका. आठवड्याला तोटी उघडून काटा शून्यावर येतो का, ते बघा.

कालवा बंद असतानाचे दिवस वाया घालवू नका. उघडी पडलेली शिंपली कडक उन्हात काही दिवसांत मरतात, दमट गारव्यात दोन आठवडेही तग धरतात. म्हणून सायफनच्या पोटातलं पाणी उपसा, तिथे साठलं तर तोच त्यांचा आश्रम. आणि सावध, तोच कोरडा पडलेला ओला गाळ जलपर्णीच्या बियांना आवडतो. बी तळाला पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं, उजेड मिळाला की उगवतं. पाणी सोडल्यावर तिसऱ्या आठवड्यात काठाने बोटभर रोपं दिसतील. होडीवाल्यांना तेव्हा सुट्टी देऊ नका.

पोकलेन जाताना धुवा. गरम पाणी, निदान साठ अंश, साखळीच्या कड्यांत आणि बकेटच्या सांध्यांत, दहा सेकंद तरी त्याच जागी. ते शक्य नसेल तर उन्हात पूर्ण कोरडं होईपर्यंत उभं ठेवा, पाच दिवस तरी. ठेकेदार हसेल. हसू द्या, बिलावर सही तुमची आहे.

जॅकवेलवाली:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

पुलावर उभी राहिले. पहिल्या पुलाखाली तासाला दोन रोपं, दुसऱ्याखाली तीन, तिसऱ्याखाली एकेचाळीस. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये अस्तराबाहेर, जुन्या माती काढलेल्या खड्ड्यात पाझराचं पाणी साठलं आहे आणि एका फुटक्या पाइपातून ते कालव्यात पडतं. खड्डा कडेपर्यंत निळ्या फुलांनी भरलेला. तिथे शेजारी राहणारी एक आजी म्हणाली, दरवर्षी किती छान फुलतं. पाइपला तात्पुरती जाळी लावली, चौथ्या दिवशी तिसऱ्या पुलाचा आकडा सहावर आला.

करार बदलायची टिपणी वर गेली आहे. त्यावर शेरा आला, "टनाऐवजी मोकळं पाणी मोजणार कसं?" काका, तुमच्याकडे मोजणीचा जुना तक्ता असेल तर टाका.

गेजच्या तोट्या उघडल्या. तीनपैकी दोन बुजलेल्या. दोन नंबरचा काटा तोटी उघडल्यावरही जागचा हलला नाही, खिळा घालून कोरल्यावर पाच शिंपली आणि थोडं काळं पाणी निघालं, मग काटा पडला. सही करताना मी रोज तोच आकडा लिहीत होते.

नमुन्याचं उत्तर आलं, लिम्नोपेर्ना. मखमली गादीच्या केसांना पिंजरे आहेत. जॅकवेलमधली पहिली पट्टी उद्या सकाळी वर काढायची आहे.

सायफनकाका:

तक्ता वहीत आहे, वही माळ्यावर. मुलाला चढवतो. पट्टी काढाल तेव्हा आधी मागची, अंधाराची बाजू चाचपा.